हॅक्सॉ ब्लेडची आकडी

आमच्या घराची पुढची खोली बारा बाय नऊ फुटांची होती. त्यातली सात बाय पाच जागा मागाची. उरलेल्या जागेत आणि मागच्या स्वयंपाकघरात आम्ही चार माणसं राहायचो: नायना, अम्मा, अक्का आणि मी. नायना म्हणजे वडील. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं रांगेने होती, त्यामुळे आम्हाला ते अडचणीचं वाटायचं नाही. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी आणि कोपऱ्यावरच्या रशीदचाचांच्या वर्कशॉपात दोन्हींना न जुमानणारी दखनी. आम्ही वाक्याच्या मधेच भाषा बदलायचो. कागदावर ते जमत नाही, म्हणून इथे घरच्यांना मराठीतच बोलायला लावते.

गल्लीत दोन्ही बाजूंना पॉवरलूम होते. त्यांचा खडखडाट इतका सततचा होता की तो आम्हाला ऐकू यायचा नाही. ऐकू यायची ती शांतता. वीज गेली की पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागायची आणि बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. नायना अशाच एका कारखान्यात पाळीने जायचे. घरचा हातमाग मात्र त्यांचा स्वतःचा, त्यांच्या वडिलांकडून आलेला. त्यावर ते मोजकंच आणि मनासारखं विणायचे. त्यांच्या चादरीत गाठ दिसायची नाही. एकदा कोपऱ्यात धागा ओढला गेलेली चादर त्यांनी विकली नाही, ओळखीतल्या कुणाला दिलीही नाही. तिची पायपुसणी केली. अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तिच्या कात्रीची किर्र-किर्र, तेंदूच्या पानांचा ओलसर वास, फळीवर रचलेल्या कडक भाकऱ्या आणि बरणीतली शेंगाचटणी. आजही कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला की मला आधी ती फळी दिसते. आम्ही भाकरी अंबाडीच्या भाजीत कुस्करून, वरून कच्चं तेल घालून खायचो. मी आता तेल मोजून वापरते. तेव्हा अम्मा मोजत नव्हती.

आमच्याकडे एक रीत होती. मुलीच्या लग्नातली चादर विकत आणायची नाही, बापाने घरच्या मागावर विणायची. अक्काचं लग्न भिवंडीला ठरलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि मी बारा. तिचे सासरे तिकडे मागच चालवत, अकरा माणसांचं घर. अम्मा आणि अक्का नवी पेठेत जाऊन साड्या बघून आल्या, भांडी बघून आल्या, आणि त्या आठवड्यात अम्मा शेजारणीला म्हणाली, "बाकीचं होईल हो. पण चादर मागावरून उतरल्याबिगर पोरीची पाठवणी न्हाई आमच्यात." ती रीत सांगत होती. मी ते कलम म्हणून ऐकलं. चादर उतरली नाही तर पाठवणी नाही. हे वाक्य मी पुढे किती दिवस मनात घोळवलं, ते अम्माला कधी कळलं नाही.

चादर विणण्याआधी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे एक एक करून मागाच्या फणीत ओवावे लागतात. फणी म्हणजे पोलादी दातांची लांब कंगव्यासारखी पट्टी. तिच्या मागे दोऱ्यांचे पडदे, त्या दोऱ्यांना डोळे. फणीच्या फटीतून आणि मागच्या डोळ्यातून एक बारीक आकडी पलीकडे घालायची, पलीकडच्या माणसाने तिच्या खाचेत धागा अडकवायचा आणि अलीकडच्याने ओढून घ्यायचा. एका फटीत दोन धागे. त्या चादरीला आठशे फटी होत्या आणि सोळाशे धागे. हे काम दोघांचंच असतं, एकट्याने होत नाही. अक्का पलीकडे पाटावर बसायची आणि मी अलीकडे. मधे दोऱ्यांचा पडदा, त्यातून ती मला पट्ट्यापट्ट्यांनी दिसायची. एका पट्टीत डोळा, एका पट्टीत नाकातली चमकी. आम्ही समोरासमोर बसून जे बोललो नसतो ते त्या पडद्यातून बोलायचो. तिने भिवंडीच्या मुलाबद्दल मला पहिल्यांदा काही सांगितलं ते तिथेच. "कान लई मोठे हायत गं त्याचे," ती म्हणाली आणि हसण्याच्या नादात तिच्या हातातला धागा सुटला.

नायनांची आकडी पितळी मुठीची होती. घरात एकच. ताणा लावून ते पहिल्या पाळीला गेले आणि जाताना म्हणाले, "लागा दोघी. घाई नको." आम्ही बसण्याआधी अक्का केस विंचरत होती आणि तिच्या कानातल्या फुलाचं मळसूत्र घरंगळून शहाबादी फरशीच्या भेगेत गेलं. मी आकडी घेऊन भेगेत घातली. अक्का म्हणत होती, "नको चिन्नी, नको घालूस." मी म्हटलं, दोन मिनिटांत काढते. मळसूत्र निघालं. आकडीचं टोक आतच राहिलं.

अक्काने मूठ माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "रडू नको. ब्लेडची करतात. मी बघितलंय कारखान्यात."

रशीदचाचा लोखंडी खिडक्या करायचे. त्यांच्या दाराशी भंगाराचा ढीग असायचा आणि त्याला हात लावला की ते ओरडायचे. अक्काने पदर खोचून सरळ विचारलं. "क्या होना बेटी?" "तुटलेली हॅक्सॉ ब्लेड पाहिजे चाचा." "उसका क्या करते?" "आकडी करतो, फणी भरायला." चाचांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ढिगातून तीन तुकडे काढून दिले. वर एक तिकोनी कानस दिली. "कानस वापस होना. बिलेड नक्को." पुढे त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली ती आम्ही नीट ऐकली नाही, म्हणून पहिला तुकडा वाया गेला. ते म्हणाले होते, आधी लाल करो.

लोखंड कापायचं पातं फार कडक असतं. कानस त्यावरून नुसती घसरते आणि जोर केला की पातं काचेसारखं तुटतं. पहिला तुकडा मी कपडे धुण्याच्या दगडावर दाबला आणि तो मधोमध मोडला. "बोटं हायत का भेंड्या?" अक्का म्हणाली. मग तिला चाचांचं बोलणं आठवलं. दुसरा तुकडा आम्ही अम्माच्या शेगडीत कोळशांमध्ये ठेवला आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. तो जास्वंदीसारखा लाल झाल्यावर चिमट्याने उचलून राखेच्या डब्यात पुरला. पाण्यात घालायचा नाही, राखेत सावकाश निववायचा. घालवायचा असतो तो कडकपणा. हे मला पुढे विज्ञानाच्या पुस्तकात सापडलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले होते. अम्मा सूप बाजूला ठेवून आमच्याकडे बघत होती. "दोघी मिळून लोहारकी काढा," ती म्हणाली. "लग्नं तरी कशाला करायची?"

निवलेला तुकडा ऐकायला लागला. वाळू आणि पाणी घेऊन आम्ही दगडावर त्याचे दात घासून काढले, मग टोकाकडे निमुळता केला. सात इंच लांबी, टोकाशी रुंदी काडीपेटीतल्या काडीपेक्षा थोडी कमी. खाच पाडायचं काम माझ्याकडे होतं. मी ती सरळ आडवी पाडली. धागा अडकला आणि ओढताना निसटला. दहा वेळा केलं, दहाही वेळा निसटला. अक्काने तुकडा उन्हात धरून बघितला आणि म्हणाली, खाच मागे कलती पाहिजे, माशाच्या गळासारखी. तिसरा, शेवटचा तुकडा. पुन्हा शेगडी, पुन्हा राख, पुन्हा दगड. या वेळी कानस तिने आपल्या डाव्या हातात धरली आणि मी पातं. कडा गुळगुळीत करायला राख आणि तेल लावलेला विडीचा दोरा खाचेतून पुढे-मागे ओढत बसलो, माझ्या अंदाजाने अर्धा तास तरी. तपासायची पद्धत तिने शोधली. आकडी कापसाच्या बोळ्यावरून फिरवायची. एक जरी तंतू धरला तर अजून खडबडीत आहे. चौथ्या वेळी आकडी कापसावरून गेली आणि कापूस हलला नाही.

मूठ धोट्याची केली. धोटा म्हणजे आडवा धागा नेणारा, होडीसारखा लाकडी ठोकळा. माळ्यावर एक फुटका होता, त्याचं टोक कापलं. अम्माच्या लाखेच्या दोन तुटक्या बांगड्या डबीच्या झाकणात वितळवल्या, टोकाच्या भोकात ओतल्या आणि पातं रोवून धरलं. लाख घट्ट होईपर्यंत ते सरळ राहायला हवं होतं, म्हणून अक्का श्वास रोखून बसली. तिच्या गालावर राखेचा पट्टा उमटला होता. मी तो पुसला नाही.

संध्याकाळी नायना आले. जुनी मूठ आणि नवी आकडी आम्ही पाटावर शेजारी ठेवली होती. मी तोंडपाठ केलेली कबुली सुरू करायच्या आत त्यांनी नवी उचलली, बोटावर तोलली, डोळे मिटून गालावरून फिरवली. "कापसावर बघितली?" "व्हय," अक्का म्हणाली. "माझ्या आकडीपेक्षा हलकी हाय," नायना म्हणाले. एवढंच बोलून ते पाय धुवायला गेले. पितळी आकडीबद्दल घरात पुन्हा कुणी विचारलं नाही, आणि नायनांनी शेवटपर्यंत दुसरी आणली नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही बसायचो. फणीच्या दोन्ही बाजूंना, आठशे फटी मोजून, नायनांनी लाल दोरा बांधला होता. या दोऱ्यापासून त्या दोऱ्यापर्यंत. पहिल्या दिवशी दीडशे फटी भरल्या. दुसऱ्या दिवशी दोनशे. मला मोजल्याशिवाय राहवत नसे, तेव्हाही. उरलेल्या साडेचारशे, म्हणजे सव्वादोन दिवस. मग नायना माग लावणार, दोन-तीन दिवसांत चादर उतरणार आणि लग्न तर नऊ दिवसांवर. तिसऱ्या दिवशी मी हळू ओढायला लागले. अक्का पलीकडून म्हणाली, "झोपलीस काय?" मी म्हटलं, बोटं दुखायलीत. ती म्हणाली, "मग थांब की जरा." आम्ही थांबलो. तिने पडद्यातून भाजलेले शेंगदाणे दिले, एक एक, डोळ्यांमधून. एक दाणा अडकला तो मी आकडीने काढला.

पाचशे फटी भरून झाल्या होत्या. पाचशेएकावी समोर होती. तिने दोन धागे पुढे केले. मी आकडी पाचशेदोनाव्या फटीतून घातली आणि ते दोन्ही तिथून ओढले. हात चुकला नव्हता. माझा हिशेब असा होता की माग चालला की मधे फट दिसेल, नायना असली चादर पुढे जाऊ देणार नाहीत. तिथून पुढचे सहाशे धागे उपसावे लागतील आणि पुन्हा ओवावे लागतील. आम्ही पुन्हा समोरासमोर बसू. चादर उतरणार नाही. पाठवणी नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या मानाने गणित बरोबर होतं. त्यात माणसं धरलेली नव्हती.

पाचव्या दिवशी काम संपत आलं. शेवटी दोन धागे उरायला हवे होते, लाल दोऱ्याच्या बाहेर. ते आत्ताच दिसले तर अक्का विचारणार. मी शेवटची जोडी ओढली आणि कडेला बघितलं. धागे उरले नव्हते. लाल दोरा एक फट बाहेर सरकून बरोबर कडेला होता. मी वाकून बघितलं. त्याची गाठ उलट्या बाजूला पडली होती. नायना उजव्या हाताने गाठ मारायचे. आमच्या घरात डावरी एकच होती.

पलीकडे अक्का उरलेल्या दोऱ्यांचा गुंता गोळा करत होती. "झालं की," ती म्हणाली. "ऊठ, चहा टाक." मी चहा टाकला. साखर दोनदा घातली.

नायनांनी माग लावला आणि वीतभर कापड विणल्यावर थांबले. मागाचा आवाज मधेच तुटला की काळजात काय होतं ते मागवाल्यांच्या पोरांना विचारा. फट काळी दिसत होती, वरपासून खालपर्यंत, सुईने रेघ ओढावी तशी. त्यांनी नखाने धागे सरकवून बघितले. मग लाल दोऱ्याची गाठ बघितली. त्यांना लगेच कळलं असणार, असं आता वाटतं.

"फट कुणी सोडली?"

मी तोंड उघडलं. अक्का आधी बोलली. "माझंच चुकलं नायना. मी मधेच उठले होते. तिला कळलं न्हाई."

"सहाशे धागे काढावे लागतील."

"पाहुणे चार दिवसांत दारात येतील," अम्मा आतून म्हणाली.

नायना उठून उभे राहिले. फणीवर हात ठेवून. ज्या माणसाने एक ओढलेला धागा खपवून घेतला नव्हता तो आपल्या मुलीच्या चादरीतली रेघ बघत होता, आणि मी, जिने ती घातली, चुलीशी उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होते. मी बोलायला हवं होतं. मला अजून तीन दिवस मिळणार होते, आणि मला ते त्या क्षणी अजिबात नको होते.

"राहू दे नायना," अक्का म्हणाली. "इकायची थोडीच हाय?"

नायनांनी फणीवरचा हात काढला. मग खाली बसले आणि धोटा फेकून विणायला लागले. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी ते जेवायला सोडून उठले नाहीत. चादर वेळेत उतरली. निळे-पांढरे चौकडे, साडेसात फूट लांब, पन्नास इंच रुंद आणि उजवीकडे ती रेघ. अम्माने ती ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली, रेघ आत जाईल अशी घडी घालून. पाठवणीच्या वेळी अक्काने मला आकडी दिली. "नायनाला लागंल. हरवू नको. आणि भेगेत घालू नको." बस निघाली तेव्हा मी तिच्या खिडकीकडे न बघता बसचा नंबर वाचत होते. तो मला आजही पाठ आहे. इथे लिहीत नाही.

पुढचा ताणा लागला तेव्हा पलीकडच्या पाटावर नायना येऊन बसले. बाप्यामाणूस धागे द्यायला बसतो हे गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं ओवत राहायचो. एकदाच ते म्हणाले, "पाचशेएकावी का?" मी मान हलवली. पडद्यातून त्यांना दिसली की नाही, माहीत नाही. त्यांनी पुढचे दोन धागे आकडीत अडकवले.

मग मी शिकले, बी.एड. केलं, शाळेत गणित शिकवायला लागले. माग मोडला, त्याच्या लाकडाच्या दोन फळ्या माझ्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांखाली आहेत. आकडी टेबलाच्या खणात असते. मी तिने परकराची नाडी ओवते, दुसरं काही नाही.

गेल्या दिवाळीनंतर अक्का आली. गुडघे गेलेत तिचे, आता पाटावर बसता येत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या तिने पिशवीतून एक घडी काढून माझ्यापुढे टाकली. धुऊन धुऊन निळा रंग आभाळासारखा पुसट झाला होता.

"फाटली बघ."

"कुटं?"

"कुटं म्हणून काय विचारतीस? जितं फाटायची तितंच."

चादर त्या रेघेवर वरपासून खालपर्यंत दोन झाली होती. तिने दोन्ही तुकड्यांच्या फाटक्या कडा दुमडून हाताने शिवल्या होत्या. मोठा तिच्याकडे ठेवला आणि लहान मला आणला होता.

"तुला तेव्हाच कळलं होतं," मी म्हटलं.

"मग? धागे मी देत होते की. तुझी आकडी कुठल्या फटीतनं आली ते मला दिसत नव्हतं व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

तिने खुर्चीतून पाय थोडे लांब केले. "अकरा माणसांचं घर होतं चिन्नी. सगळ्या चादरी कारखान्याच्या, सगळ्या सारख्या. कुणीबी कुणाची घ्यायचं. माझी तेवढी मला सापडायची. बोट फिरवलं की." मग म्हणाली, "आकडी कुठाय?" मी आणून दिली. तिने डोळे मिटून गालावरून फिरवली, अगदी नायनांसारखी. "गंजली न्हाई."

ती दुपारी झोपल्यावर मी माझा तुकडा टेबलावर पसरला, चष्मा बदलला आणि आकडीच्या टोकाने धागे मोजायला घेतले. तीनशे फटी, सहाशे धागे असायला हवेत. दोनदा मोजले. दोन्ही वेळा पाचशे ब्याऐंशी भरले. अठरा कमी. अक्काची शिवण अर्ध्या इंचाची आहे, तेव्हा ते तिच्या आतच असणार. उसवून बघितलं नाही.